इंडोनेशियाला पहिल्यांदा जाताय?

आठवडाभरात अख्खा देश उरकायचा बेत आधी डोक्यातून काढा. 17,000 हून जास्त बेटं, तीन टाइम झोन. एखाद-दोन बेटं धरा, बस्स.

माझं मत विचाराल तर जावा. देशाची निम्म्याहून जास्त वस्ती याच बेटावर आहे आणि रेल्वे चांगली, म्हणजे विमानांची धावपळ नाही. योग्यकार्ताला मुक्काम ठोका. एकीकडे बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप, दुसरीकडे प्रंबाननची हिंदू मंदिरं, दोन्ही नवव्या शतकातली. बोरोबुदुर वर चढून बघायचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच काढा. पायात घालायला विणलेली चप्पल तिथेच मिळते. प्रंबाननच्या कठड्यांवर रामायण कोरलंय, आणि कोरड्या ऋतूत तेच रामायण तिथले कलाकार, बहुतेक मुसलमान, उघड्या रंगमंचावर नाचून दाखवतात. नवल आपल्याला वाटतं, त्यांना नाही.

बालीला जरूर जा, पण मार्चच्या आसपास न्येपी, म्हणजे तिथल्या हिंदूंचा मौनाचा दिवस, कधी आहे ते बघून. त्या दिवशी 24 तास विमानतळसुद्धा बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही.

सुमात्रा पुढच्या खेपेला ठेवा. तिथल्या मिनांगकाबाऊ मुसलमानांत पिढीजात घर-शेती आईकडून मुलीकडे जाते. ते बघायला सवड हवी.