कुर्दी देंगबेज म्हणजे आपले शाहीरच का? त्यांच्या गाण्यांत सारखं गाव सुटल्याचं दुःख का असतं?

शाहीर म्हटलं की अर्धंच चित्र उभं राहतं. शाहिराला डफ लागतो, तुणतुणं लागतं, मागे 'जी जी' धरणारे झीलकरी लागतात. देंगबेज बहुतेक वेळा एकटा आणि वाद्याविना गातो. एक हात कानाशी धरायचा की झालं सुरू. कुर्दी भाषेच्या कुरमांजी बोलीत 'देंग' म्हणजे आवाज आणि 'बेज' म्हणजे सांगणारा. एका दमात शब्दांची सर सोडायची, मग एकच स्वर लांबवत खाली आणायचा. या गाण्याला 'किलाम' म्हणतात. त्यात लढाया, वैरं असतात, पण कितीतरी किलाम बाईच्या तोंडचे असतात, मग गाणारा मिशीवाला का असेना. 'लो' आलं की पुरुषाला हाक, 'ले' आलं की बाईला.

जर्मनीत राहत होतो तेव्हा खालच्या मजल्यावर एक कुर्दी आजोबा होते. रविवारी कॅसेट लावायचे. आधी मला वाटलं घरात कुणी गेलं की काय. मग चहाला बोलावलं, तर किलाममध्ये गावाचं नाव आलं की टेप थांबवून टेबलावर बोटाने दाखवायचे : ही नदी, हा डोंगर, इथे आम्ही. त्यांचं गाव आता नाही. १९९० च्या दशकात तुर्कस्तानच्या कुर्दी भागात सरकारी आकड्यानुसारच तीन हजारांवर गावं-वाड्या रिकाम्या झाल्या, पावणेचार लाखांहून जास्त माणसं विस्थापित झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी त्या टेबलावर मिळालं.

अर्थात हे गाव सुटणं त्याहून जुनं. कारापेते खाचो हे नाव लक्षात ठेवा. हा जन्माने आर्मेनियन. ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या १९१५ च्या कत्तलीत पोरका झाला, कुर्दांमध्ये वाढला आणि त्यांच्याच भाषेतला मोठा देंगबेज झाला. सीरियात फ्रेंचांच्या फौजेत राहिला, १९४६ मध्ये सोव्हिएत आर्मेनियात गेला, तिथल्या राजधानीतून, येरेवान रेडिओवर गायला. या रेडिओवर १९५५ पासून नियमित कुर्दी कार्यक्रम लागे. सुरुवात 'येरेवान खबर दिदे', म्हणजे येरेवान बोलतंय. (शब्द ओळखीचे वाटले ना?) सीमेपलीकडे तुर्कस्तानात लोक आवाज बारीक करून ऐकायचे. तिथे १९८३ च्या कायद्याने कुर्दी भाषेवर बंदी आली, ती १९९१ मध्ये उठली. त्या काळात कॅसेटी जमिनीत पुरून ठेवल्याच्या गोष्टी आजोबांकडेही होत्या.

बायकांचं दुखणं आणखी वेगळं. चारचौघांत गाणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. तुर्कस्तानच्या कुर्दी भागातल्या दियारबाकिर शहरातली गायिका आयशे शान गाण्यापायी माहेराला तुटली, १९७२ च्या सुमारास जर्मनीत पोचली. आईसाठी गायलेलं तिचं 'खरीबम दाये' आजही परदेशातल्या कुर्दी घरांत वाजतं. 'खरीब' म्हणजे परक्या मुलखातला, आपलं कुणी नसलेला. मूळ अरबी शब्द एकच, मराठीत येईस्तोवर तो पैसे नसलेला 'गरीब' झाला. आयशे शान १९९६ मध्ये इझमीरला वारली. देंगबेजांचा शहा म्हणवला जाणारा शाकिरोही त्याच वर्षी, त्याच शहरात. दोघांचे मुलूख पार पूर्वेला, इझमीर पश्चिमेच्या टोकाला समुद्रकाठी.

२००७ मध्ये दियारबाकिरच्या जुन्या शहरात देंगबेजांसाठी एक घर उघडलं. अंगणात म्हातारे खुर्च्या मांडून पाळीपाळीने गातात, पर्यटक फोन धरतात. मला ते थोडं प्रदर्शनासारखं वाटतं, पण बंदीपेक्षा कधीही बरं.

ऐकायचं असेल तर आधी कारापेते खाचो, मग शाकिरो. मात्र ठेका शोधत बसू नका. तो बहुतेक वेळा नसतोच, आणि पहिल्या दोन मिनिटांत त्यामुळेच लोक बंद करतात.