यंत्र सुरू करून पाहता येत नसेल तर

प्रश्न : कळंबोली परिसरात माझा खोदाई व मातीकामाचा लहान व्यवसाय आहे. कर्ज थकल्यामुळे वित्तसंस्थेने ताब्यात घेतलेला एक जुना बॅकहो लोडर (ज्याला सर्रास जेसीबी म्हणतात) लिलावात निघाला आहे. यार्डात जाऊन तो पाहण्यास परवानगी आहे. मात्र बॅटरी काढून ठेवल्यामुळे इंजिन सुरू करता येत नाही. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर बोली लावावी काय?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : लावण्यास हरकत नाही, पण बंद यंत्राच्या भावाने. ही अट मान्य केल्यावर मागाहून निघालेल्या दोषाबद्दल सहसा दाद मिळत नाही. वस्तू विक्री अधिनियम, 1930 मध्येही मालाच्या दर्जाची गृहीत हमी मोजक्याच परिस्थितींत मिळते. म्हणून इंजिन आणि हायड्रॉलिक पंप दोन्ही उघडावे लागणार असे धरून चालावे, त्या कामाचा आणि लो-बेड ट्रेलरने यंत्र हलवण्याचा खर्च चालू स्थितीतील बाजारभावातून वजा करावा, आणि उरेल त्या रकमेच्या वर लिलावाच्या भरात एक रुपयाही चढू नये.

पाहणीला मेकॅनिक सोबत न्यावा. डिपस्टिकवरचे (इंजिनातील तेल मोजण्याच्या पट्टीवरचे) तेल पांढऱ्या फडक्यावर पुसावे. ते दुधट दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे असे समजावे. यंत्र पावसाळाभर उघड्यावर उभे असेल आणि एक्झॉस्टच्या उभ्या नळीवर झाकण नसेल, तर आपल्याकडच्या पावसात पाणी थेट आत उतरून इंजिन जाम झालेले असू शकते. यार्डवाल्यांनी परवानगी दिल्यास क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. माझ्या मते सबंध पाहणीत याहून मोलाची तपासणी नाही. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांवर ओरखडे व गंज, सांध्यांच्या पिन-बुशमधील ढिलाई (बकेटखाली पहार घालून उचलले की ती लगेच कळते) आणि बूमवर (खोदणाऱ्या हाताच्या मुख्य भागावर) एवढ्यात मारलेल्या रंगाखालचे वेल्डिंग, हेही तपासावे. यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरपेक्षा पेडलच्या झिजलेल्या रबरावर अधिक विश्वास ठेवावा.

कागदपत्रांची चाचणी मात्र बॅटरीशिवायही पुरी होते, तरीही बहुतेकजण तिथेच घाई करतात. चासिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) स्वतः ताडून पाहावा. आरसी जुन्या कर्जदाराच्याच नावावर आहे, की वित्तसंस्थेने नमुना 36 भरून ती आपल्या नावावर करून घेतली आहे, हे विचारावे. आरसीवरील कर्जाचा बोजा उतरवण्यासाठीचा नमुना 35 आणि ना हरकत दाखला किती दिवसांत मिळेल, थकलेला कर, ई-चलन आणि यार्डाचे भाडे कोणी भरायचे, हे सारे बोलीपूर्वी लेखी घ्यावे. बोली जिंकून माघार घेतल्यास अनामत रक्कम सहसा जप्त होते. तेव्हा यार्डात बॉनेटच उघडू देत नसतील, तर ती भरूच नये.