थंडीत बोडीवर गरी टाकताना

पूस महिन्यात बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, रोहू मासळी मंदावते, भाऊ. पावसाळ्यातला मोठा गळ आणि आमिषाचा लिंबाएवढा गोळा आता बाजूला ठेव. गळ 12 नंबरचा घे, दोरा 0.20 मिलिमीटरचा.

दोन वाट्या कणकेला एक वाटी भुईमुगाची ढेप, कुटून चाळलेली. खडे राहिले की गोळी पाण्यात पडताच फुटते. पाणी चमच्याचमच्यानं घाल. मळताना चिमूटभर कापूस विंचरून टाक, म्हणजे गोळी गळावरून निसटत नाही. कापूस जास्त झाला तर मात्र मासा चोखून थुंकतो, हाती काही लागत नाही. गोळी तुरीच्या दाण्याएवढी, गळाचं टोक किंचित उघडं.

तरंगायला ज्वारीच्या वाळल्या धांड्याचं सोललेलं भेंड, म्हणजे आतला हलका गाभा, तीन बोटं लांब. शिसं गळापासून चार बोटांवर, तळाला जेमतेम टेकलेलं. भेंड करंगळीच्या नखाएवढंच वर दिसलं पाहिजे.

आता खरी गोष्ट. थंडीत भेंड गपकन बुडेल याची वाट पाहत बसू नको. बरेचदा ते वर उचललं जातं आणि आडवं पडतं. मासा गोळी तोंडात धरून वर आला, शिशाचा भार सुटला, म्हणून. तेव्हाच हलका झटका दे, मनगटानं. खांद्यानं ओढलंस तर एवढा बारीक दोरा तुटलाच समज.

सकाळच्या धुक्यात घाई नको. अकरा ते तीन, उन्हाची पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, धर. तलाव मच्छीमार सोसायटीकडे असेल तर आधी विचारून घे.