नव्वदच्या दशकातली डान्स म्युझिकची परदेशी मासिकं इतकी भडक आणि वाचायला अवघड का असायची? तरी लोक ती विकत का घ्यायचे?

पुण्यात डीटीपी करायचो तेव्हाची गोष्ट. दिवसभर श्रीलिपीत लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल. मुंबईला काम निघालं की फोर्टातल्या फुटपाथवर जुनी मासिकं चाळायची सवय होती. तिथेच 'मिक्समॅग' या ब्रिटिश डान्स म्युझिक मासिकाचा एक अंक हाती लागला. मुखपृष्ठावरची सीडी कुणीतरी आधीच काढून घेतलेली, गोंदाचे ठिपके तेवढे उरलेले. आत ज्या रेकॉर्डांबद्दल लिहिलं होतं त्यातली एकही मी ऐकलेली नव्हती. तरी घेतला, पानं कशी लावलीत ते बघायला. तेव्हा हे उत्तर ऐकणाऱ्याचं कमी आणि पानं लावणाऱ्याचं जास्त आहे, असं समजून वाचा.

रॉकच्या मासिकाचं काम सोपं. चार जण, गिटार, गायकाचा चेहरा, गाण्याचे शब्द. हाउस आणि टेक्नो या यंत्रांवर बनणाऱ्या नाचाच्या संगीतात यातलं बहुतेक काही नसायचंच. रेकॉर्ड यायची ती कोऱ्या पांढऱ्या लेबलची, फार तर रबरी शिक्का मारलेली. एकच माणूस चार वेगवेगळ्या नावांनी रेकॉर्ड काढायचा. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या टेक्नो गटातले लोक तर फोटोत तोंड झाकूनच उभे राहत. मग मुखपृष्ठावर छापायचं काय? मान खाली घालून बटणं फिरवणारा माणूस? संगीताला चेहरा नव्हता, तो मासिकाला द्यावा लागला, आणि तो अक्षरांमधून आणि रंगांमधून दिला गेला.

याचं टोक म्हणजे जर्मनीतलं 'फ्रंटपेज' हे टेक्नोचं मासिक. १९८९ मध्ये सुरू झालं, १९९७ मध्ये बुडालं. त्याची पानं मी पुढे टायपोग्राफीच्या एका पुस्तकात पाहिली. अलेक्झांडर ब्रांचिक हे त्याचे आर्ट डायरेक्टर. ॲपलच्या मॅक संगणकावर कुणालाही स्वतःचा फाँट बनवता येऊ लागला होता, आणि या गड्याने त्या सोयीचा मनसोक्त वापर केला. अक्षरं चिरलेली, ताणलेली, शेजारच्या ओळीवर चढलेली. आमच्या प्रेसच्या मालकांनी ते पान पाहिलं असतं तर 'प्लेट खराब झालीय, परत काढ' म्हणाले असते. पण रात्रभर क्लबात घालवलेल्या पोराला ते पान ओळखीचं वाटत होतं. त्याच्या वडिलांना ते वाचता येत नव्हतं, हाही आनंदाचाच भाग असणार.

भडकपणाचं एक कारण निव्वळ छपाईचं आहे. फ्लुरोसंट गुलाबी किंवा हिरवा नेहमीच्या चार रंगांतून निघत नाही, त्यासाठी पाचवी शाई लावावी लागते. खर्च वाढतो, पण स्टॉलवरच्या शंभर मासिकांत तेच आधी दिसतं.

आता लोक विकत का घ्यायचे? माझं मत असं की खरा जीव मागच्या पानांत होता. तिथे डिझाइन वगैरे काही नाही. बारीक टायपातले तक्ते: कुठला डीजे सध्या कोणत्या दहा रेकॉर्डी वाजवतोय, ती काढणारी कंपनी (लेबल) कोणती, आणि पुढच्या शनिवारी कुठल्या शहरात कोण. मार्केट यार्डाचे बाजारभाव छापतात ना, अगदी तसं. आपल्या आवडत्या डीजेची यादी घेऊन पोरं रेकॉर्डच्या दुकानात जायची. 'मिक्समॅग'चा जन्मच मुळी असा आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये 'डिस्को मिक्स क्लब' या डीजेंना रेकॉर्डी पुरवणाऱ्या संस्थेने १६ पानांचं काळं-पांढरं पत्रक म्हणून ते काढलं. चकचकीतपणा नंतर आला. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो इतका वाढला की बऱ्याच ब्रिटिश मासिकांच्या मुखपृष्ठावर संगीताऐवजी इबिझा या स्पेनच्या पार्टीबेटाच्या किनाऱ्यावरच्या बिकिनीतल्या मुली आल्या. तो काळ मला अजिबात आवडत नाही. आळशी काम होतं ते.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावरून जे ट्रान्स नावाचं नाचाचं संगीत युरोपात गेलं, त्याच्याबरोबर ॐ, शंकर आणि आपली शिरोरेषाही गेली. शिरोरेषा कशी? तर रोमन अक्षरांच्या डोक्यावर एक आडवी रेघ मारायची, झाली भारतीय लिपी! जाहिरातीत, पोस्टरवर, रेकॉर्डच्या कव्हरवर, सगळीकडे तेच. रोज खरी शिरोरेषा जुळवणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघून आधी हसू यायचं, मग चिडचिड व्हायची. आता पुण्यातल्याच कॅफेंच्या पाट्यांवर ते दिसतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

पुढे ती मागची पानं इंटरनेटने खाल्ली. २००१ मध्ये 'रेसिडेंट ॲडव्हायझर' ही वेबसाइट आली, २००४ मध्ये गाणी विकणारं 'बीटपोर्ट'. कार्यक्रमांच्या याद्या आणि गाणी दोन्ही पडद्यावर मिळू लागली. 'म्युझिक' (स्पेलिंगमध्ये शेवटी के असलेलं) हे मासिक २००३ मध्ये बंद पडलं, मँचेस्टरचं 'जॉकी स्लट' २००४ मध्ये. बर्लिनच्या 'ग्रूव्ह'ने २०१८ मध्ये छापील अंक थांबवला. ब्रिटनमधलं 'इलेक्ट्रॉनिक साउंड' मात्र छापील अंकासोबत सात इंची रेकॉर्ड देतं. म्हणजे गोंदाच्या ठिपक्यांची परंपरा चालू आहे म्हणायची.

तुम्हाला असे जुने अंक कुठे मिळाले तर खिडकीजवळच्या कपाटात ठेवू नका. फ्लुरोसंट शाई उन्हाने सगळ्यात आधी उडते. माझ्या अंकावरचा गुलाबी रंग आता आमच्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदासारखा दिसतो.