स्टेरॉइड का दिलं नाही?

प्रश्न : माझ्या ५४ वर्षांच्या भावाच्या पोटात अचानक असह्य कळ आली. सीटी अँजिओग्राफीत आतड्याच्या धमनीला फुगवटे दिसले. आधी धमन्यांचा दाह समजून स्टेरॉइड सुरू करणार होते. आता ‘सेगमेंटल आर्टेरियल मिडिओलिसिस’ असं निदान करून फक्त रक्तदाबाची गोळी दिली आहे. एवढ्यावर भागेल का?

उत्तर : गोळी एकच दिली म्हणून उपचार अपुरे आहेत असं समजू नका; रक्तदाब आटोक्यात राहिला की धमनीच्या कमकुवत भिंतीवरचा ताण कमी होतो. या आजारात मुळात दाह नसतो. धमनीच्या भिंतीतल्या मधल्या थराच्या स्नायुपेशी जागोजागी विरघळतात. तिथे भिंत फुगते, नाहीतर थर सुटून रक्त भिंतीतच शिरतं. १९७६ साली स्लाविन आणि गोन्झालेस-व्हिताले यांनी याचं वर्णन केलं तेव्हा नावात ‘आर्टेरायटिस’ (धमनीचा दाह) होतं; पुढे ते वगळलं. गोंधळ अजूनही होतो, कारण पॉलिआर्टेरायटिस नोडोसा या धमन्यांच्या दाहाच्या आजारातही असेच फुगवटे येतात. पण त्यात बहुधा ताप असतो, वजन घटतं, ईएसआर-सीआरपी (रक्तातल्या दाहाच्या चाचण्या) वाढतात. (पोटात रक्तस्राव झाला असेल तर सीआरपी एरवीही वाढतं, त्या एका आकड्यावर जाऊ नये.) दाह नसताना स्टेरॉइडचा फायदा नाही, उलट भिंत भरून येण्यात अडथळा येण्याची भीती असते.

फुगवटा फुटला किंवा वाढत गेला, तर जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन धमनी बंद करायला प्लॅटिनमच्या कॉइल (बारीक तारेच्या गुंडाळ्या) बसवतात, त्याही फुगवट्याच्या अलीकडे आणि पलीकडे. एकच बाजू बंद केली तर शेजारच्या फांद्यांतून रक्त उलटं येऊन तो पुन्हा भरतो. प्लीहेची धमनी अशी बंद करता येते, कारण प्लीहेला जठराकडूनही रक्त मिळतं. आतड्याच्या मुख्य धमनीचं तसं नाही. ती बंद झाली तर आतडं मरतं, म्हणून तिथे स्टेंट-ग्राफ्ट (रक्त वाहतं ठेवणारी, आतून बसवलेली आच्छादित नळी) किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

बरेच फुगवटे काही महिन्यांत आपोआप आक्रसतात, पण दुसरीकडे नवे येऊ शकतात, आणि सुरुवातीचे आठवडे जास्त जोखमीचे. पुढच्या सीटीची तारीख आजच ठरवून घ्या. दर वेळी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) तपासा, कारण सीटीत देतात त्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मेंदूच्या धमन्यांतही हा आजार क्वचित आढळतो, तेव्हा डोक्याची-मानेची तपासणी लागेल का, हेही विचारा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, मनाने बंद करू नका.

पुन्हा पोटात जोराची कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला, तर तासभरही वाट पाहू नका. थेट इमर्जन्सीत न्या आणि सीटीची सीडी सोबत घ्या. जुना फुगवटा नेमका कुठे होता हे कळलं, तर रक्तस्रावाची जागा लवकर सापडते.