वावरातल्या घरापर्यंत वायफाय: मोठी डिश घेऊ का?

प्रश्न : आमचं घर गावात, फायबर आलेलं आहे. काकांचं घर वावरात, सरळ रेषेत दीड किलोमीटर, मधे सगळी केळी आणि काकांच्या दाराशी मोठा निंब. मोबाईलची रेंज तिथे नावालाच. ठिबकच्या ऑटोमेशनला आणि कॅमेऱ्याला नेट पाहिजे म्हणून चुलतभाऊ मागे लागलाय. दुकानदार म्हणतो मोठ्या डिशचा रेडिओ घ्या, झाडातून पण आरपार जातो. खरं आहे का? निंब तोडावा लागला तर काकू ऐकणार नाही.
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, निंबाला हात लावू नका आणि त्या दुकानदाराचंही ऐकू नका. दीड किलोमीटर म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या साध्या आउटडोअर रेडिओच्या, म्हणजे नेट हवेतून पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रांच्या, जोडीला काहीच अवघड नाही, पण मधे पानं आली की खेळ संपला, कारण पानात पाणी असतं आणि पाणी सिग्नल पितं, केळीच्या पानात तर विचारूच नका. म्हणून पैसे डिशवर नाही, रेडिओ पानांच्या वर चढवणाऱ्या पाईपवर घाला.

आता किती उंच? नुसतं समोरचं घर दिसलं म्हणजे झालं असं नाही. सिग्नल काकडीसारखा जातो, टोकांना निमुळता आणि मधे फुगीर, याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतराला मधोमध त्याची त्रिज्या साधारण साडेचार मीटर, त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा पाहिजे, म्हणजे मधल्या रेषेच्या खाली ९ फूट. केळी १० फुटांची धरली तर अर्ध्या वाटेवर रेषा १९-२० फुटांवरून जायला हवी. गावात दुमजली गच्ची असेल तर तिथे छोटा पाईप पुरतो, वावरात पत्र्याचं घर असेल तर जीआय पाईप घेऊन तीन बाजूंनी ताणाच्या तारा बांधा, नाहीतर मे-जूनच्या वादळात केळीबरोबर तोही आडवा होईल. निंबाचं म्हणाल तर तो टोकाला आहे ना, तिथे झोन बारीकच असतो, पाईप घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला की बहुतेक वेळा काम होतं.

रेडिओ दोन्हीकडे एकाच कंपनीचे घ्या, गावातला ॲक्सेस पॉइंट मोडला (नेट देणारा), वावरातला स्टेशन मोडला (नेट घेणारा), दोन्ही ब्रिज मोडला, म्हणजे मधे नुसती लांब वायर असल्यासारखे, सेटिंगमध्ये देश भारत. २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचे बरेचसे पट्टे घराबाहेरही लायसनशिवाय वापरता येतात, पॉवरची मर्यादा तेवढी पाळायची. चॅनलची रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ ठेवा, ८० च्या नादी लागू नका. एक जण वर हळूहळू डिश फिरवेल, दुसरा खाली मोबाईलवर सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघेल (तो डीबीएममध्ये असतो), उणे ५० ते उणे ६५ डीबीएम आला की नट आवळा. पावसाने या अंतराला फरक पडत नाही, ओल्या पानांनी पडतो.

वायर आउटडोअर शिल्डेडच, घरात शिरायच्या आधी खाली झोल द्या म्हणजे पाणी आत येत नाही. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर वाचवू नका, आणि विजा कडाडायला लागल्या की तरीही प्लग काढा. पीओई ॲडॉप्टर (नेटच्याच वायरीतून रेडिओला वीज देणारा) ज्या रेडिओचा त्यालाच, २४ व्होल्ट आणि ४८ व्होल्टची अदलाबदल केली तर रेडिओ जळू शकतो. वावरातल्या लाईटचा भरवसा आपल्याला माहीतच आहे, पण असा साधा रेडिओ १० वॅटच्या आतच खातो, छोट्या बॅटरीवर रात्र निघते.

प्रश्न : काकांच्या शेजारची पाच घरं महिन्याला शंभर-शंभर रुपये द्यायला तयार आहेत, देऊ का?

उत्तर : तसं नको. घरगुती कनेक्शन विकायचं नसतं, प्लॅनच्या अटी वाचून बघा. काकांकडे फुकट द्यायचं असलं तरी कंपनीला एकदा विचारून घ्या. विकायचंच असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली सार्वजनिक वायफायची सरकारी पीएम-वाणी योजना आहे, त्यात पीडीओ (गावात वायफाय पुरवणारा) व्हायला लायसन लागत नाही, बँडविड्थ रीतसर विकत घ्यायची आणि एखाद्या पीडीओएशी (अशा अनेक पीडीओंना एकत्र सांभाळणारी कंपनी) जोडून घ्यायचं, कोण वापरतंय ते ती कंपनी बघते. नुसता पासवर्ड वाटला आणि कोणी त्यावरून भलता उद्योग केला तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात आधी येणार.