मक्यावरचे दोन पतंग, कीड एकच?

प्रश्न : मका उगवून पंधरा दिवस झाले. पानांवर पांढरट खरवडलेले पट्टे आहेत. रात्री दिव्यावर दोन तऱ्हेचे पतंग येतात, एक नक्षीदार, दुसरा साधा करडा. यातला लष्करी अळीचा कोणता?

उत्तर : कदाचित दोन्ही. अमेरिकन लष्करी अळीचे नर-मादी वेगळे दिसतात. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा तिकोनी डाग असतो, मादीचे पंख सरसकट करडे-तपकिरी. मागचे पंख दोघांचेही रुपेरी पांढरे. पण दिव्यावर आपटून खवले झडले की सगळेच पतंग सारखे दिसतात, म्हणून खात्री अळीवरूनच करा. भिंगातून डोक्यावर उलटा 'वाय' दिसतो. तो इतर काही अळ्यांवरही पुसट असतो, त्यामुळे शेपटीकडचे चार ठिपकेही पाहा. शेवटून दुसऱ्या वलयावर ते चौकोनात बसलेले असतात.

मादी शे-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालून वर करड्या केसांचे पांघरूण घालते. उबदार हवेत 2-3 दिवसांत ती उबतात. बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, तेच तुमचे पट्टे. मोठ्या होताना त्या एकमेकींना खातात, म्हणून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांच्या गुंडाळीत, बहुधा एकच मोठी अळी सापडते. साधारण दोन आठवड्यांत सहा अवस्था पार करून ती जमिनीत 2 ते 8 सेंमी खोल कोष करते. आणखी 8-9 दिवसांनी पतंग. थंडीत हे सगळे बरेच लांबते.

प्रश्न : फवारणी करूनही अळ्या का मरत नाहीत?

उत्तर : मोठी अळी पोंग्यात बसते आणि वर तिच्याच विष्ठेचा भुसा साचतो. पानांवरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय सर्वाधिक खाणे शेवटच्या दोन अवस्थांत होते, म्हणजे भगदाडे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पांढरे पट्टे दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा आणि नोझल थेट पोंग्यावर धरा. अंडीपुंज पानासकट खुडून चिरडा. कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) उगवणीपासून लावा, मात्र त्यात फक्त नर येतात. सापळा पतंग कधी आले ते सांगतो, त्याच्या भरवशावर अळी आटोक्यात येत नाही.